मडकं धुवायचं नाही



गेल्या जूनमध्ये जांभळाचा शिरका घातला होता, त्याची नोंद अर्धीच राहून गेली. मग लावणी आली, मग कापणी, मग वाल पेरायची घाई. आता जरा सवड आहे, म्हणून पुरी करतो. नोंद लांब आहे. त्यात शिरका थोडा आणि इतिहास जास्त, कारण माझं मडकं का बिघडलं हे शोधता शोधता मी पार दीडशे वर्षं मागे गेलो.

आमचं शेत माणगावपासून जवळच, काळ नदीच्या अंगाला. बांधावर आणि वरकस जमिनीत मिळून जांभळाची आठ झाडं आहेत, आजोबांच्या वेळची. मे अखेरपर्यंत हायवेला जांभूळ हातोहात जातं. पहिला पाऊस पडला की संपलं. फळ फुटतं, चिखलात पडतं, चिलटं बसतात आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं. त्या पडत्या मालाचं काहीतरी करावं म्हणून शिरका. आधीच सांगून ठेवतो, वाइन नाही. बिनपरवाना वाइन करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि मला त्या वाटेला जायचं नाही. पण शिरका व्हायचा तर रसातली साखर आधी आंबून तिचा मद्यार्क होतो आणि मग त्या मद्यार्काचं आम्ल होतं, ही पायरी कुणालाच चुकत नाही.

दोन प्रकारे केलं. एका बरणीत रस उकळून, गार करून, दुकानातली पावाची सुकी यीस्ट चिमूटभर टाकली. दुसरीकडे बाजारातून नवंकोरं मडकं आणलं, फळ न धुता हातानं चुरडलं, वर फडकं बांधलं आणि ठेवून दिलं. झाडाचं फळ, झाडावरचीच यीस्ट, सगळं आपलं. मनात फार अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी मुलगी माजघरात आली आणि म्हणाली, "बाबा, नेलपॉलिश कुणी सांडलं?"

मडक्यातून वास येत होता. पाचव्या दिवशी वर पांढरी साय धरली, सातव्या दिवशी मी ते सगळं शेणखतात ओतलं. बरणीतलं मात्र नीट आंबलं, दोनेक महिन्यांत शिरका झाला. आंबट, स्वच्छ, रंगाला सुरेख. पण खरं सांगू? डोळे मिटून चाखला तर जांभळाचा आहे हे कळायला वेळ लागतो.

जुलैत आजोळी जाणं झालं. आजोळ श्रीवर्धनच्या बाजूला, नारळी-पोफळीची वाडी. मामाला सगळं सांगितलं. मामा ऐंशीच्या घरातला. त्यानं एकच विचारलं.

"मडकं नवं घेतलंस की काय रे?"

"हो."

"मग आंबवणार कोण त्यात?"

मामाच्या लहानपणी वाडीतले चार माड माडीसाठी दिलेले असत. एक भंडारी काका सकाळ-संध्याकाळ चढायचे. पोय उमलायच्या आत तिला दोरीनं आवळून बांधायची, हलक्या हातानं ठोकायची, टोकाला कोयतीनं पातळ काप द्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. रोज नवा काप. मामा सांगतो, एकदा आजीनं उपकार म्हणून त्यांचं मडकं राखेनं घासून लख्ख केलं, तर काका दोन दिवस बोलले नाहीत. माडी ओतून घेतली की ते मडकं नुसतं पाण्यानं हिसळायचे, तळाचा गाळ थोडा राहू द्यायचे आणि तेच मडकं परत वर टांगायचे. उलट ज्या दिवशी गोड नीरा हवी, त्या दिवशी दुसरं मडकं. त्याला आतून चुना फासलेला.

आपण दही लावताना कालच्या दह्यातलं चमचाभर ठेवतो, तसलाच हा प्रकार. तो गाळ म्हणजे विरजण.

माडाच्या रसात साखर साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि पोयीतून थेंब गळतो तेव्हा तो जवळजवळ ना आंबट ना खारा असतो, सामू सातच्या जवळ. असल्या गोड, कोमट, मोकळ्या रसात काय वाट्टेल ते वाढू शकतं. जिवाणू आधी हात मारतात. त्यातले काही रसाला चिकट, दुधाळ करतात, काही आंबट. सामू काही तासांत चारपर्यंत उतरतो. त्याच वेळी यीस्ट साखर खायला लागते. झायमोमोनस नावाचा एक जिवाणूही यीस्टसारखाच साखरेचा मद्यार्क करतो, आणि तो ताडामाडाच्या रसात हमखास सापडतो. सकाळचा रस संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्क्यांची माडी होतो, दोन दिवसांनी शिरका. युरोपात गार तळघरात जे काम काही आठवडे चालतं, ते आपल्याकडे तीस अंशाला सूर्य मावळायच्या आत उरकतं. इतक्या घाईच्या कामात सुरुवात कोण करतो याला फार महत्त्व. भंडारी काकांच्या मडक्यात सुरुवात करणारे आधीच बसलेले असायचे. चुन्याच्या मडक्यात त्यांना बसूच दिलं जायचं नाही, चुन्यानं सामू वर चढतो आणि सगळेच गप्प होतात.

माझ्या नव्या मडक्यात कुणीच बसलेलं नव्हतं. जे फळावर होतं आणि जे चिलटांच्या पायांवरून आलं, त्याचंच राज्य. पिकल्या फळाच्या सालीवर सगळ्यात जास्त असते ती हॅन्सेनियास्पोरा जातीची यीस्ट. ती चटकन सुरू होते, साखर थोडी खाते, वास मात्र भरपूर सोडते, आणि त्या वासातला एक इथाइल ॲसिटेट, म्हणजे तोच नेलपॉलिशचा. चार-पाच टक्के मद्यार्क झाला की ती बहुतेक थकते आणि पुढचं काम सॅकरोमायसिस सेरेविसी उचलते. पावाची, बिअरची, वाइनची यीस्ट ती हीच. पण ही बाई धड, न फुटलेल्या फळावर जवळपास नसते. द्राक्षांवर मोजून पाहिलंय, हजारात एखाद्या मण्यावर. फुटलेल्या, चोच मारलेल्या मण्यांवर मात्र बरीच. म्हणजे "फळावरची आपली यीस्ट" हा माझा अभिमान अर्धाच खरा होता.

आता इतिहासाकडे वळतो, कारण मामा पुढे जे म्हणाला ते मला लागलं. तो म्हणाला, "तुला विरजण कुठून मिळणार? ते आमच्याकडेच उरलं नाही."

भंडारी समाज या किनाऱ्यावरचा जुना. कुलाबा जिल्ह्याचं (म्हणजे आपलं रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं) इंग्रजांच्या काळातलं १८८३ चं गॅझेटियर उघडलंत तर ताडामाडाचा रस काढणारे म्हणून त्यांची नोंद दिसते. तेवढीच ओळख सांगणं मात्र अन्यायाचं आहे. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून शिवाजी महाराजांचं बांधकाम पुरं करणारा मायनाक भंडारी याच समाजातला. असो.

माडी नुसती प्यायची वस्तू नव्हती. शिरका तिचाच, आणि किनाऱ्यावर अनेक ठिकाणी पीठ आंबवायलाही तीच. गोव्यात सान्ना तिच्यावर फुगायच्या आणि पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, पावाचं पीठ माडीनं म्हणजे सुरीनं आंबवायचे. हेच गोवेकर बेकर पुढे मुंबईत गेले. रेंदेर, म्हणजे गोव्यातले माडी काढणारे, जसजसे कमी होत गेले तसतशी पावात दुकानातली यीस्ट आली, आणि जुनी माणसं अजून सांगतात की पाव तोच दिसतो पण वास तो नाही. त्यांना नुसतं जुन्याचं वेड आहे असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही.

मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हा त्याच्या मागचा अधिकारी. तोवर गावोगाव लहान भट्ट्या होत्या, भंडारी आपल्या माडाचा रस काढून आपल्यापुरतं गाळायचे. या कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी ते मोडलं. दारू गाळणं मोजक्या ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलं. उरण हे त्यातलं मोठं ठिकाण (आज रायगडात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात). झाडावर कर वाढला, झाडाला परवाना, झाडावर खूण. शेतकऱ्याच्या बाजूनं हिशोब बघा. ज्या पोयीतून माडी काढली तिला नारळ धरत नाही. नारळ सोडायचा आणि वर झाडामागे करही भरायचा, तर बऱ्याच जणांनी माड छेदणंच सोडलं असणार. परवाना आजही लागतो बरं का.

दुसरा घाव आपल्या डोंगराकडच्या लोकांवर. १८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा, खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. मोहाची फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं यावर बंधनं. माणगाव तेव्हा कुलाब्यातच. मोहाच्या सुक्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. आमच्या इकडच्या कातकरी वाड्यांवर ते दारूइतकंच भुकेच्या दिवसांतलं अन्नही होतं. जंगलात पडलेलं फूल उचललं म्हणून माणूस गुन्हेगार. त्यामागचं कारण सरळ होतं, घरची स्वस्त दारू बंद झाल्याशिवाय ठेक्याची महाग दारू खपणार कशी आणि सरकारला महसूल मिळणार कसा.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दारूबंदी आली, ती मात्र वेगळ्या हेतूनं. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून, डॉ. गिल्डर मंत्री असताना. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि १९५० पासून राज्यभर. हेतूबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. दारूनं बसलेली घरं मी आमच्याच गावात मोजून दाखवीन, आणि त्या घरांतल्या बायांना विचाराल तर त्या आजही बंदीच मागतील. पण माडीच्या बाबतीत एक गंमत झाली. सकाळी सहाचा रस नीरा, तो पौष्टिक, खादी ग्रामोद्योगाच्या दुकानात विकायचा. तोच रस दुपारपर्यंत उघडा राहिला की माडी, म्हणजे गुन्हा. मध्ये कुणी काही घातलं नाही, काही केलं नाही. फक्त यीस्टनं आपलं काम केलं.

साठच्या दशकात बंदी सैल झाली. पण दहा-पंधरा वर्षांत चढणारा माणूस उतरतो. मामाच्या वाडीतले भंडारी काका मुंबईला गिरणीत गेले. त्यांची मडकी गोठ्यात कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरली आणि एकेक करून फुटली. पावठ्या घेतलेले दोन माड अजून उभे आहेत. मी वर हात लावून बघितलं, खाचा अर्ध्या भरून आल्यात.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे दुसरंच घडत होतं. आंबणं म्हणजे नुसती रासायनिक घडामोड नाही, जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरनं १८५७ पासून पुढच्या वीस वर्षांत दाखवून दिलं. वाइनवरचं त्याचं पुस्तक १८६६ चं. वाइन का बिघडते हा फ्रान्सच्या शेतकऱ्याचा प्रश्न होता, जसा माझा मडक्याचा. मग १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यात एमिल ख्रिश्चन हॅन्सननं एका पेशीपासून वाढवलेली शुद्ध यीस्ट वापरात आणली. पुढे वाइनसाठीही तसंच झालं आणि १९६० च्या दशकात सुकी यीस्ट पाकिटात मिळायला लागली. पाकिटाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, माझी चांगली बरणी त्यानंच वाचवली. एका हंगामाचा माल फुकट जाणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्या द्राक्षाच्या पट्ट्यात वाइन आली तीच पाकिटाच्या जमान्यात. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत इथं ऐंशीच्या दशकात, सुलाची नाशिकला १९९९-२००० च्या सुमारास, आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये. त्यामुळे तिथं जुनं मडकं नव्हतंच. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे, ते माती, हवा, रात्रीचा गारवा यांच्या जोरावर. यीस्ट मात्र बहुतेक ठिकाणी परदेशी पाकिटातली. माझे एक ओळखीचे द्राक्षबागायतदार म्हणतात, "माती माझी, वेल माझी, पाणी माझं, आणि आंबवायला पाहुणा." पाहुण्याचं काम उत्तमच असतं, पण तो दक्षिण आफ्रिकेतही तसंच काम करतो आणि चिलीतही. त्यात आपली फवारणी. डाऊनी, भुरी यांच्यासाठी गंधक, तांबं आणि बाकीची बुरशीनाशकं आपण मारतो, आणि यीस्ट ही बुरशीचीच जात. मण्यावर काय उरत असेल ते विचार करून बघा.

पण गावची यीस्ट खरंच गावची असते का? की हे सगळं बाटलीवरच्या गोष्टीसाठी? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे हल्ली "गावरान" म्हटलं की लोक विचारायचंच सोडतात.

न्यूझीलंडमध्ये याची नीट परीक्षा झाली, निकाल २०१५ ला छापला. एकच द्राक्षरस घेतला, निर्जंतुक केला, आणि त्यात देशाच्या सहा वेगवेगळ्या भागांतून आणलेली सॅकरोमायसिस घातली. बाकी सगळं सारखं. तयार वाइनमधली वासाची द्रव्यं मोजली तर ज्या भागाची यीस्ट त्या भागासारखी वाइन, असा संबंध दिसला. फरक प्रचंड नव्हता, पण होता. म्हणजे गोष्ट अगदीच खोटी नाही.

ती यीस्ट हिवाळ्यात, फळ नसताना कुठे राहते, याचं उत्तर इटलीत २०१२ मध्ये मिळालं. गांधीलमाशीच्या पोटात. मादी थंडीभर यीस्ट आतड्यात जपते आणि वसंतात अळ्यांना भरवते. आम्ही पोळं दिसलं की जाळायला धावतो.

आणि माडीवाल्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट. जगभरच्या यीस्टचे जनुक तपासले तेव्हा वाइनच्या यीस्टचं एक घराणं निघालं, आणि पश्चिम आफ्रिकेत ताडीसारखी पेयं आंबवणाऱ्यांचं वेगळं. मलेशियातल्या बर्टम नावाच्या ताडाच्या मधात आणखी निराळं. तिथं त्या ताडाच्या फुलातला मध आपोआप आंबतो आणि चिचुंद्रीसारखा दिसणारा एक छोटा प्राणी रोज रात्री तो पिऊन जातो, झिंगत नाही. म्हणजे ताडामाडाच्या रसावर वाढलेली यीस्ट ही द्राक्षावरच्या यीस्टची गरीब बहीण नाही, तिचं कूळच वेगळं असू शकतं. आपल्या रायगड किनाऱ्यावरच्या माडीत कुठलं कूळ आहे हे पाहायला मला फार आवडेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या कुणी मुला-मुलीनं प्रकल्पाला घ्यावं. मामाच्या आळीत अजून एक परवानाधारक म्हातारे चढतात, त्यांचे गुडघे टिकेपर्यंत वेळ आहे.

इतकं वाचल्यावर मला मामाचं बोलणं थोडं दुरुस्त करावंसं वाटतं. जीव गेलेले नाहीत. माडाला आजही काप दिला तर रस आपोआप आंबेल, मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या सगळ्या जागेवर आहेत. गेली ती निवड. आज चांगली लागली त्या मडक्यातला गाळ ठेवायचा, बिघडली ते मडकं उन्हात टाकायचं, हे रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं करणारा माणूस गेला. आपण भाताचं बियाणं निवडतो त्यापेक्षा ही निवड वेगळी कुठे आहे? बियाणं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याच्या बँका झाल्या, पुरस्कार झाले. मडक्यातला गाळ कुणी जपला नाही, आणि जपणाऱ्यावर वरून केस झाली.

आता धायटी. ही गोष्ट मला वाडीवरच्या एका कातकरी आजीनं सांगितली, नंतर पुस्तकात तपासली.

ताम्हिणीच्या रस्त्यानं सध्या उतारावर लाल-नारिंगी झुडपं दिसतात ना, ती धायटी. संस्कृतात धातकी. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट, ही जी आयुर्वेदातली आंबवलेली औषधं आहेत, त्यांत ही फुलं घालतात. फुलात मध, मधावर यीस्ट. शिवाय फुलात टॅनिन आहे, ते नको त्या जिवाणूंना जरा आवरतं. काढा, गूळ, धायटीची फुलं, तुपानं माखलेलं मातीचं भांडं, महिनाभर बंद. बाहेरून यीस्टचं पाकीट नाही. म्हणजे विरजण झाडावरून आणायची आपली पद्धत होतीच, आणि ती औषधाच्या दुकानात अजून जिवंत आहे. आपण शेतकरी विसरलो.

याहून जुनं बघायचं तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात किण्व, म्हणजे आंबवणाचं विरजण, उडदापासून कसं करायचं ते दिलंय, आणि ते गोळा करायचं काम बायका-मुलांकडे सोपवलंय. कर, परवाना, दंड यांचे नियम तेव्हाही होतेच, प्रिचर्डसाहेब काही पहिला नव्हे. पण मला थांबवलं ते एका बारीक गोष्टीनं. द्राक्षाच्या मद्याला तिथं नावं आहेत ती ज्या प्रदेशातून ते येतं त्यांची, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा मुलूख. फ्रेंच लोक गावाचं नाव बाटलीवर लावतात याचं आपल्याला कौतुक, पण ही रीत इथल्या ग्रंथात कधीची नोंदलेली आहे.

तर यंदाचं काय ठरवलंय ते सांगतो, कुणाला बरोबर करून बघायचं असेल तर.

परवा आजीबरोबर जाऊन धायटीची फुलं आणली, किलोभर. झुडूप ओरबाडलं नाही, एका झुडपाची पाव-हिस्सा फुलंच घेतली, मधमाश्यांना राहू दिली. सावलीत सुकवतोय. उन्हात कडक वाळवली तर वरचे जीव मरतील, असं तीच म्हणाली, आणि ते पटण्यासारखं आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, झाडावरचं निवडक, न फुटलेलं जांभूळ दोन किलो घेऊन त्याचं आधी विरजण लावणार. तीन लहान बरण्या. एकीत नुसतं जांभूळ, दुसरीत मूठभर धायटी, तिसरीत श्रीवर्धनहून आणलेल्या शिळ्या माडीचा तळगाळ दोन चमचे. फडकं दुहेरी, चिलटांसाठी. जांभूळ मुळात आंबट असल्यामुळे जिवाणूंना माडाच्या रसाइतकं मोकळं रान मिळत नाही, ही आपली जमेची बाजू. रोज दोनदा ढवळायचं आणि हुंगायचं. नेलपॉलिशचा वास धरला ती बरणी बाद. जिला पावासारखा, फळासारखा वास येईल आणि बुडबुडे नेटानं उठतील, ती मोठ्या मडक्यात ओतायची. फ्रान्सकडचे छोटे वाइनवाले हंगामाआधी अगदी हेच करतात.

आणि खबरदारी म्हणून निम्मा माल पाकिटाच्या यीस्टवरच. मुलीची फी इतिहासावर भरता येत नाही.

मडकं मामानं दिलंय. गोठ्याच्या माळ्यावर एक उरलेलं सापडलं, काठाला टवका गेलेलं, आतून काळपट. चाळीस-पन्नास वर्षं कोरडं पडलेलं, त्यात काही जिवंत असेल असं मला वाटत नाही. घरी आणलं तर बायकोनं पहिलं काय केलं असेल? घासणी आणि राख घेऊन मोरीत बसली होती. वेळेवर पोचलो.

मेमध्ये तिन्ही बरण्यांची नोंद टाकतो.